मंत्रीसाहेब, परीक्षानळी फुटू द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब नमस्कार,

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते आणि हे पत्र एका कपाटाबद्दल आहे. त्यात परीक्षानळ्या आहेत, चंचुपात्रं आहेत, स्पिरीटचा दिवा आहे, लिटमसची पाकिटं आहेत. मी या शाळेवर रुजू झाले तेव्हा त्याला कुलूप होतं, नळ्यांभोवतीचा कागदसुद्धा निघाला नव्हता. विचारलं तर कळलं की सगळं सामान डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत चढलंय, एखादी नळी फुटली तर तपासणीत उत्तर कोण देणार, बदली झाली की चार्ज देताना मोजून कोण देणार, त्यापेक्षा कपाट बंद बरं. मी कुणाला दोष देत नाही, ती भीती मलाही वाटली होती.

पण कुलपाची किंमत पोरं मोजतात. आमच्या आठवीच्या पोरांना एच टू एस ओ फोर म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, संयुजा पाठ आहे, इलेक्ट्रॉन संरूपण पाठ आहे, पण आम्लात घातलं की निळा लिटमस तांबडा होतो हे डोळ्यांनी बघितलेलं नाही. आणि जे बघितलेलं नाही ते दिवाळीच्या सुट्टीनंतर राहत नाही, हे मी दरवर्षी बघते.

मागच्या वर्षी मी कपाट उघडलं. पानाला लावायचा चुना रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी वरची निवळी हळूच काढली आणि पोरांना स्ट्रॉ दिले (ओढायचं नाही फक्त फुंकायचं, हे दहा वेळा सांगून, आणि मी स्वतः समोर उभी राहून). फुंकलं की निवळी दुधासारखी पांढरी. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शिअम कार्बोनेट तयार झालं, इथपर्यंत पुस्तकात आहे. पण एक गट थांबायलाच तयार नाही, निवळी पातळ होती आणि ते आळीपाळीने फुंकतच राहिले, आणि बऱ्याच वेळाने ते पांढरं पाणी परत नितळ झालं. वर्ग एकदम गप्प. मग तेच पाणी दिव्यावर तापवलं तर पुन्हा गढूळ. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात तोंड उघडत नाही, ती म्हणाली, मॅडम आमच्या पाणी तापवायच्या पातेल्याला हाच थर बसतो का?

हो साहेब, हाच बसतो. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, त्यात कॅल्शिअम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं (जास्त फुंकल्यावर आमच्या निवळीतही तेच झालं होतं, म्हणून ती नितळ झाली), पाणी तापलं की त्याचं कार्बोनेट होऊन भांड्याला चिकटतं. दुसऱ्या दिवशी तिने घरून त्या थराचा खडा खरवडून आणला, त्यावर लिंबू पिळलं, बुडबुडे आले. तोच गॅस निवळीत सोडला असता तर काय झालं असतं, हे मला सांगावं लागलं नाही, पोरांनी करूनच बघितलं. संयुग, आम्ल, रासायनिक बदल, सगळं एका पातेल्यात सापडलं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल का होतो, तांब्याचा तांब्या चिंचेने का लख्ख होतो, हे प्रश्न मग त्यांनीच आणले.

त्या तासात एक नळी तडकली, दिव्यावर ओली धरली म्हणून.

हे काही मला नव्याने सुचलेलं नाही. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान पूर्ण प्रयोगांवर शिकवायला सुरुवात झाली. सरकारी शाळा, खेड्यातली पोरं, स्वस्तातला किट, परीक्षेत पुस्तक उघडून लिहायची परवानगी आणि प्रयोगाचीही परीक्षा. तो कार्यक्रम पुढे अनेक जिल्ह्यांत गेला आणि 2002 ला सरकारने बंद केला. पण 30 वर्षं सरकारी शाळांत ते चाललं, म्हणजे चालू शकतं.

आपल्याकडे अडचण मुळातच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं ते दिलंय, ग्रंथालय आहे, खेळाचं साहित्य आहे, पण प्रयोगशाळा हा शब्द नाही. त्यामुळे आठवीपर्यंतच्या शाळेत ती नसली तर कुणी विचारतच नाही.

मी प्रयोगशाळा मागत नाहीये. आधी एक साधं परिपत्रक काढा की काचेचं सामान आणि रसायनं ही वापरून संपायची वस्तू आहे, फुटली तर मुख्याध्यापकांच्या सहीने निर्लेखन होईल म्हणजे नोंदवहीतून नाव कमी होईल, शिक्षकाच्या पगारातून वसुली होणार नाही. दुसरं म्हणजे दरवर्षी नळ्या, स्पिरीट, लिटमस आणि डोळ्यांवर घालायच्या चष्म्यांसाठी थोडी वेगळी रक्कम द्या, कारण शाळेला मिळणारं अनुदान लाईट बिल आणि खडूतच संपतं. आणि संकलित मूल्यमापनात, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेत, प्रयोग करून दाखवायला थोडे का होईना मार्क ठेवा, मार्क असले की कपाट उघडतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

परिपत्रकाचं पहिलं वाक्य एवढंच असलं तरी चालेल: नळी फुटली तर चालेल.

कधी आमच्या बाजूला दौरा असला तर आधी कळवू नका, तसेच या. निवळी आम्ही आदल्या रात्रीच ठेवलेली असते.

आपली,
सहावी ते आठवीची एक विज्ञान शिक्षिका