घर दिलं, पण कुठे दिलं?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

झोपडपट्टीतल्या लोकांना पक्की घरं दिली तरी ती भाड्याने देऊन हे परत झोपडीत येतात, यांना सुधारायचंच नाही, अशा अर्थाचं पत्र तुमच्या पेपरात वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. घरात नळ, घरात संडास, दाराला कुलूप, किती खुश होत्या त्या! पण त्यांची चारही कामं इकडे, पहिल्या घरी साडेसहाला पोचायचं आणि तिकडून पहिली बसच सहाला, तीही मधे बदलावी लागते. दोन कामं सुटली. धाकटी शाळेतून यायची तेव्हा घरी कोणी नाही, जुन्या वस्तीत निदान शेजारीण तरी बघायची. सहा महिन्यांनी फ्लॅट भाड्याने देऊन मावशी परत वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत आल्या. आता यात सुधारायचं नाही हे कुठे आलं?

जॉन टर्नर नावाच्या ब्रिटिश आर्किटेक्टने पेरूमधल्या वस्त्यांत अनेक वर्षं काम करून १९६८ साली एका लेखात हेच मांडलं होतं. शहरात नवा आलेला, हातावर पोट असलेला माणूस आधी कामाजवळची जागा बघतो, खोली कशीही असो. कमाईचं बस्तान जरा बसलं की मग स्वतःच्या हक्काची जागा हवी असते, तेव्हा लांब गेलं तरी चालतं. सोयी, चांगली वस्ती, प्रतिष्ठा हे सगळं त्यानंतर. आपल्यासारखे लोक फ्लॅट बघताना पार्किंग आहे का, एरिया कसा आहे हे विचारतात कारण कामाला जायची सोय आपण कशीही करू शकतो. आणि आपल्याच डोक्यातलं घर गरिबांसाठी बांधलं जातं, तेही जिथे जमीन स्वस्त तिथे. जमिनीत वाचलेला पैसा मग राहणाऱ्यानेच रोज बसभाड्यात आणि वेळेत भरायचा.

आमच्या सोसायटीशेजारच्या प्लॉटवर छोटी घरं येणार कळलं तेव्हा मीटिंगमध्ये रेट पडतील म्हणून विरोध झाला आणि त्याच मीटिंगमध्ये कामवाल्या उशिरा येतात ही तक्रारही झाली. मी तेव्हा गप्प बसलो, त्याचं मला अजून वाईट वाटतं. व्हिएन्नासारख्या शहरात १९२० च्या दशकापासून पालिकेने बांधलेली घरं शहरभर पसरलेली आहेत, चांगल्या भागातसुद्धा, आणि तिथे सगळ्या थरांतले लोक राहतात. म्हणजे हे करता येतं.

तुम्हाला एकच विनंती, नव्या वसाहतीची बातमी छापताना किती घरं बांधली एवढंच नका छापू, तिथून पहिली बस किती वाजता सुटते तेही छापा.

आपला एक वाचक