तिन्ही फायली एकत्र उघडा

महोदय,

कारखान्यात अपघात झाला की दोन दिवसांत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे कारण छापून येते आणि विषय मिटतो. सुरक्षा अधिकारी म्हणून ३१ वर्षे मीही असे अहवाल लिहिले. त्यातले काही आज टोचतात.

एका वर्षी आमच्याकडे एका फिटरचा हात वाफेने भाजला, एका ऑपरेटरवर ॲसिड उडाले, एका हेल्परची बोटे कन्व्हेअरमध्ये सापडली. विभाग वेगळे, यंत्रे वेगळी. मी कारणे लिहिली: हातमोजे नव्हते, घाई केली, लक्ष नव्हते. वर्षअखेरीस तिन्ही फायली एका टेबलावर उघडल्या, तेव्हा कुठे लक्षात आले की तिन्ही अपघात पाळी बदलल्यानंतरच्या पहिल्या तासातले होते. तिन्ही वेळा आधीच्या पाळीने काम अर्धवट सोडले होते आणि लॉगबुकात त्याची एक ओळही नव्हती. जाणारी बस आधी सुटायची, येणारी दहा मिनिटांनी पोहोचायची. दोन्ही पाळ्यांची गाठच पडत नव्हती! बसच्या वेळा बदलून दोन्ही पाळ्यांना पंधरा मिनिटे यंत्रापाशी एकत्र उभे केले. त्या फिटरच्या फायलीत मात्र माझ्या सहीने ‘स्वतःची चूक’ असेच राहिले.

१९८८ मध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवर १६७ माणसे गेली. तिथे एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. पंपाच्या कामाचे परमिट, म्हणजे लेखी परवानगी, एकीकडे ठेवलेले, व्हॉल्व्हचे दुसरीकडे. रात्रपाळीला व्हॉल्व्ह काढल्याचे कळलेच नाही आणि तोच पंप सुरू झाला. २००५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या तेल रिफायनरीत १५ जण दगावले. तिथेही रात्रपाळीने काय केले ते सकाळच्या पाळीपर्यंत नीट पोहोचले नव्हते. द्रवाची पातळी दाखवणारे उपकरण बिघडलेले होते आणि ऑपरेटर जवळपास महिनाभर सलग १२ तासांच्या पाळ्या करत होते.

प्रत्येक अपघाताचे मूळ पाळीबदलातच असते, असे माझे म्हणणे नाही. कुठे बायपास केलेला इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी व्यवस्था) सापडेल, कुठे ‘तात्पुरती’ म्हणून कायम राहिलेली जोडणी. पण एकच फाइल वाचून ते दिसत नाही. आणि थोडक्यात टळलेल्या घटनांच्या नोंदी तर कुणी वाचतच नाही. खरे म्हणजे कुणी जखमी झालेले नसल्याने तिथेच लोक मोकळेपणाने बोलतात.

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे. अपघाताची बातमी देताना त्या कारखान्यात आधी काय काय घडले होते आणि ते अहवाल कुणी एकत्र वाचले होते का, एवढे जरूर विचारावे.

— एक निवृत्त सुरक्षा अधिकारी