चष्मा खिशात असलेल्या काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मँचेस्टरचं नॅशनल स्पीडवे स्टेडियम, वळणाजवळची जागा, अंगात जुनं जाकीट आणि त्यावर किलवरच्या एक्क्याचा बिल्ला, एवढीच तुमची ओळख माझ्याकडे आहे. व्हीलचेअरवरचे म्हातारे डॉक्टर आणि त्यांची मुलगी तुम्हाला आठवत असतील. पत्र मराठीत लिहितेय, कारण आमच्या घरात स्पीडवेच्या, म्हणजे त्या मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींच्या, गप्पा कायम मराठीतच झाल्या. कुणी तरी वाचून दाखवील तुम्हाला.

१६ एप्रिल २०१८ ला आयव्हन मेजर गेले, स्पीडवेचे सहा वेळचे जगज्जेते. तिकडे ऑस्ट्रेलियात, गोल्ड कोस्टला, वयाच्या ७८ व्या वर्षी. बातमी मी बाबांना वाचून दाखवली. इंग्रजी स्पेलिंग बघून लहानपणी मी ते नाव ‘मॉगर’ असं वाचायचे आणि बाबा दर वेळी म्हणायचे, "अगं, मेजर! लष्करातला मेजर म्हणतेस ना, तसं." त्या दिवशी मी मुद्दाम ‘मॉगर’ वाचलं. दोनदा वाचलं. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

शेवटच्या वर्षांत मेजरना स्मृतिभ्रंशानं गाठलं होतं. बाबांनाही त्यानंच गाठलंय. त्यामुळे ती बातमी माझ्यासाठी नुसती खेळाची नव्हती.

बाबा १९६९ मध्ये सांगलीहून इथे आले. भूल देणारे डॉक्टर. ओळखीचं कुणी नाही, जेवणाचे हाल, आणि शनिवारची संध्याकाळ खायला उठायची. वॉर्डमधला एक सहकारी त्यांना हाइड रोडला, बेल व्ह्यू या मँचेस्टरच्या स्पीडवे संघाच्या मैदानावर, घेऊन गेला. चार जण, चार फेऱ्या, मिनिटभराचा खेळ. गाडीला ब्रेक नाही, गियर एकच, डाव्या बुटाला पोलादी तळ, आणि वळणावर मागचं चाक बाहेर फेकत गाडी तिरकी घालायची. पण बाबा सांगायचे ते वासाबद्दल. मिथेनॉलवर चालणाऱ्या त्या इंजिनांत एरंडेलापासून केलेलं तेल असायचं. मँचेस्टरच्या थंडीत त्यांना एकदम जळकं एरंडेल हुंगायला मिळालं आणि सांगलीची आजी आठवली. त्या रात्री घरी येऊन रडलो, असं त्यांनी मला कितीतरी वर्षांनी सांगितलं.

मेजर त्याच वर्षी न्यूकॅसलचा संघ सोडून बेल व्ह्यूकडे आले होते. म्हणजे दोघंही नवे. पुढे १९७०, ७१, ७२ अशी सलग तीन वर्षं बेल व्ह्यूनं लीग जिंकली. तिकडे १९६८ ते ७० मेजरनी सलग तीनदा जागतिक विजेतेपद मिळवलं, तिसरं पोलंडमध्ये व्रोत्सवाफला, आणि अमेरिकेतल्या दोन चाहत्यांनी त्यांच्या गाडीला सोन्याचा मुलामा देऊन घेतला. पण बाबांना ना सोन्याचं कौतुक होतं, ना सहा विजेतेपदांचं. त्यांना भावायची ती तयारी. "शस्त्रक्रियेआधी ट्रे लावतात ना, तशी हा माणूस गाडी लावतो. सुरुवातीची टेप वर जायच्या आधीच निम्मी शर्यत जिंकलेली असते." १९७३ मध्ये पोलंडमधल्याच होजूफला, जागतिक अंतिम सामन्यात, लाखावर लोकांसमोर, येझी श्चाकेलविरुद्धच्या बरोबरी सोडवणाऱ्या जादा शर्यतीत मेजर पडले. बाबांनी ती हार घरातल्या दुखवट्यासारखी पाळली, असं आई सांगते. आणि १९७९ मध्ये त्याच होजूफला, चाळिशीला महिना उरलेला असताना, मेजरनी सहावं विजेतेपद घेतलं, तेव्हा घरात शिरा झाला.

हे सगळं जपणारा माणूस आता माझं नाव विसरतो. तीन वर्षं आम्ही दारोदार फिरलो. एका दिवसभराच्या केंद्रात बाबांच्या पिशवीतले हाइड रोडचे जुने प्रोग्रॅम, म्हणजे प्रत्येक शर्यतीचे गुण भरायच्या छापील पुस्तिका, कचरा म्हणून टाकून दिले. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "तसंही त्यांना वाचता कुठे येतं?" एक तज्ज्ञ वीस मिनिटं माझ्याशी बोलले. बाबा शेजारीच बसलेले. त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. चाळीस वर्षं या देशातल्या रुग्णांना भूल देताना प्रत्येकाला आधी नाव विचारणारा माणूस होता तो. आणि आपली माणसं? "यांना गर्दीत कशाला नेतेस, लोक बघतात," हे मी आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकलंय. मला अजून राग आहे. तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

तरी नेलं. त्या संध्याकाळी आसपास जो तो मेजरच्याच आठवणी काढत होता. पहिल्या हीटच्या, म्हणजे पहिल्या शर्यतीच्या, आवाजानं बाबा बिथरले, माझा हात ओढायला लागले. परत जावं म्हणून मी व्हीलचेअरचा ब्रेक काढला, तेवढ्यात तुम्ही शेजाऱ्याला म्हणालात, आयव्हनसारखा स्टार्टच्या गेटवरून सुटणारा पुन्हा झाला नाही. आणि बाबा म्हणाले, "मेजर." स्पष्ट. दिवसभरातला त्यांचा पहिला शब्द होता तो.

तुम्ही वळून बघितलंत. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे. आपला प्रोग्रॅम त्यांच्या मांडीवर ठेवलात, चाकूनं टोक काढलेली बोटभर पेन्सिल त्यांच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "डॉक्टर, आज मी चष्मा विसरलोय. तेवढे गुण भरता का माझ्यासाठी?"

काका, चष्मा तुमच्या वरच्या खिशात होता. त्याची काडी मला दिसत होती.

स्पीडवेच्या चाहत्याला आपला प्रोग्रॅम स्वतःच्या हातानं भरायचा असतो, हे मी त्याच घरात वाढल्यामुळे जाणते. शर्यत संपते, ते आकडे राहतात. ते तुम्ही एका अनोळखी माणसाच्या थरथरत्या हातात दिलेत. आणि बाबांनी भरले. पहिल्याला ३, मग २, १, ०. मराठीत! तिसऱ्या हीटपासून पंधराव्यापर्यंत, रकान्यात नीट बसवून, खाली बेरीज मांडून. एक जण पडला तिथे त्याच्या नावापुढे ‘पडला’. मी दुरुस्त करायला वाकले तर तुम्ही हातानंच थांबवलंत. मग बाबांना विचारलंत, "हा तीन ना?" बाबांनी मान डोलावली. पुढच्या प्रत्येक हीटनंतर तुम्ही त्यांच्याकडे वाकून बेरीज विचारत होतात आणि ते सांगत होते. दोन वेळा चुकली. तुम्ही दोन्ही वेळा "बरोबर" म्हणालात.

शिकलेली, पगारी, प्रमाणपत्रं लावलेली माणसं जे करू शकली नाहीत, ते तुम्ही उभ्या उभ्या केलंत. कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही बाबांकडे काम मागितलंत. त्यांची कुणाला तरी गरज आहे, असं कुणी वागून तीन वर्षं झाली होती. अशी माणसं प्रत्येक गावात चार-दोन असतात म्हणून घरं चालतात, म्हातारपणं निभतात, असं मला आता मनापासून वाटतं.

निघताना प्रोग्रॅम तुम्ही आम्हालाच दिलात. तो चहाच्या टेबलावर आहे. बाबांना ती संध्याकाळ आठवत नाही. पण रोज सकाळी ते प्रोग्रॅम उघडतात आणि आकड्यांवरून बोट फिरवतात.

पेन्सिल मात्र चुकून आमच्याकडे आली. परत करायला मी त्याच वळणाजवळ येणार आहे. जरा उशीर होईल, कारण बाबा ती उशाशी घेऊन झोपतात.

तुमची,
डॉक्टरांची मुलगी