225 दिवसांचा हिशेब जुळवून देणाऱ्या ग्रंथपालकाकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

काँग्रेसचे नेते डॉ. पट्टाभि सीतारामय्यांवरचं टिपण पुरं झालं, ते तुमच्यामुळे. ‘1952 ते 1957 मध्यप्रदेशचे राज्यपाल’ असं सगळीकडे छापलेलं असतं. ते खोटं नाही, पण त्यात एकाच नावाची दोन राज्यं दडली आहेत, हे तुम्ही दाखवलंत. पहिल्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर, विदर्भाचे आठ जिल्हे त्यातच. आपलं इंदूर तेव्हा मध्यभारतात. तिथे राज्यपाल नव्हे, राजप्रमुख (संस्थानं मिळून झालेल्या राज्याचे प्रमुख) होते, जिवाजीराव शिंदे. राज्यपुनर्रचनेत मध्यभारत नव्या, दुसऱ्या मध्यप्रदेशात आला, म्हणून पट्टाभि इंदूरचे राज्यपाल झाले 1 नोव्हेंबर 1956 ला आणि गेले 13 जून 1957 ला. दोन्ही टोकं धरून 225 दिवस.

तुमची रीत इतरांच्याही उपयोगी पडावी म्हणून इथे मांडतो. राजपत्राचा खंड मागताना नुसतं साल सांगून भागत नाही, राज्यही सांगावं लागतं. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंतचं इंदूर मध्यभारताच्या खंडात. नेमणुकीची, शपथेची आणि छपाईची तारीख वेगवेगळी असू शकते, घोळ होतो तो इथेच. राज्यघटनेच्या कलम 156 प्रमाणे मुदत पदग्रहणापासून मोजतात, म्हणून तीच तारीख धरायची. मग शेवट पुढच्या माणसावरून ताडायचा: हरि विनायक पाटसकरांनी सूत्रं घेतली 14 जूनला. जुळलं! आणि खंड कधीही पूर्ण उताणा पाडायचा नाही, शिवण उसवते, टिपणं पेन्सिलीनेच.

एवढ्याशा काळात तीन मुख्यमंत्री झाले. रविशंकर शुक्ल 31 डिसेंबरला वारले, महिनाभर भगवंतराव मंडलोई, मग कैलासनाथ काटजू. वर सार्वत्रिक निवडणूक. मच्छलीपट्टणमच्या या डॉक्टरांनी 1923 मध्ये आंध्र बँक काढली, पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात कैद भोगली. 1939 मध्ये त्रिपुरी काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी ते सुभाषबाबूंकडून 1377 विरुद्ध 1580 मतांनी हरले होते. ते त्रिपुरी जबलपूरजवळचं, म्हणजे पुढे त्यांच्याच राज्यातलं! हा धागा तुम्ही बोट ठेवून दाखवलात, नाहीतर टिपणात आलाच नसता. त्याबद्दल मनापासून आभार.

प्रत सोबत जोडली आहे. आठ जिल्ह्यांच्या यादीत चंद्रपूरऐवजी तेव्हाचं ‘चांदा’ ठेवलं आहे. तेवढं नजरेखालून घालावं.

आपली,
रामबागेतल्या अभ्यासवर्गाची मंडळी, इंदूर