तपासणी लावणीच्या दिवसांत ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून 30 वर्षं काम करून मी निवृत्त झाले. पिशवीच्या तोंडाच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल मला लिहायचं आहे. आपल्याकडे हा विषय चुलीपाशीसुद्धा हळू आवाजात निघतो, म्हणून पेपरात थोडी जागा मागते.

माझ्या उपकेंद्राखाली मच्छीमारांची एक वाडी होती. तिथल्या एका घरी मी नातवाच्या डोससाठी जायचे. आजी खळ्यात सुंगटं सोलत बसलेली असे. चहा घेतल्याशिवाय तिने मला कधी सोडलं नाही. पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झालेल्या त्या बाईला मधूनमधून रक्त जात होतं. सुनेने एकदा कपडे बघून विचारलं, तर "माका काय्येक जावक नाय" म्हणून तिने विषय मिटवला. पुढे अंगावरून वास मारणारं पाणी जायला लागलं, कंबर धरली. देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल घेतला. मुलाने मुंबईला नेलं तोवर आजार आत पसरला होता. परळला उपचार चालू असताना ती माणसं गावकीच्या खोलीत राहिली. आजी परत आली नाही.

त्या घरात मी बाळाचं वजन केलं, कार्ड भरलं. आजीला मात्र एकदाही काही विचारलं नाही. माझ्या रजिस्टरमध्ये गरोदर बाईला रकाना होता, बाळाला होता, पन्नाशीच्या बाईला नव्हता. हे आजही मला सलतं.

आता हे माहीत असायला हवं, की हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे तो होतो. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. काही जणींच्या शरीरात तो ठाण मांडतो. तिथून कॅन्सर व्हायला साधारण 10 ते 20 वर्षं लागतात. नवऱ्याशिवाय कोणाकडे न बघितलेल्या बाईलाही तो होतो. तेव्हा या आजारावरून कोणाच्या चालचलणुकीबद्दल बोलणं हा त्या बाईवर अन्याय आहे, आणि या बोलण्याच्या भीतीनेच बायका गप्प बसतात.

एवढी वर्षं हातात असताना देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे 80 हजार जणी त्यात जातात. 2022 चा जागतिक अंदाज हेच सांगतो. तपासणी अवघड आहे म्हणावं, तर तेही नाही. पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि चांगल्या उजेडात बघायचं. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची दर 2 वर्षांनी अशी तपासणी केली, आणि ती करणाऱ्या मुली डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या होत्या. तपासलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, सव्वा लाखाहून जास्त बायकांच्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही, म्हणजे नमुन्यात हा विषाणू शोधणाऱ्या तपासणीनेही, मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. म्हणजे पुरावा परदेशातला नाही, आपल्याच मातीतला आहे. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या 100 बायकांमागे जेमतेम दोघींनी ही तपासणी कधी तरी केलेली होती.

शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिशीनंतर दर 5 वर्षांनी ही तपासणी करायची आहे. कागदावर सगळं आहे. पण आमच्याकडे शिबिर कधी लागतं? जुलैत, जेव्हा बाई सकाळपासून वाफ्यात वाकून लावणी करते. नाही तर एप्रिल-मेमध्ये, जेव्हा आंबा-काजूमुळे तिला जेवायलाही फुरसत नसते. मासळी विकणारी बाई पहाटे लिलावाला आणि तिथून बाजारात. दहाच्या शिबिराला ती येणार कशी? एका शिबिरात मी स्वतः उभी होते. शाळेची खोली, दोन खिडक्यांना पडदे नाहीत, मधे एक साडी धरलेली. सतरा जणी आल्या, बारा दारातून परत गेल्या. अहवालात 'महिलांचा अल्प प्रतिसाद' असं लिहिलं गेलं. त्या बारा जणींची काय चूक होती?

कोकणातली तपासणी कोकणाच्या कामाधामाप्रमाणे ठेवा. मासेमारी बंदीच्या पावसाळी दिवसांत होड्या वर असतात, तेव्हा मच्छीमार वाड्यांत जा. शेतकरी बाईसाठी गणपती आटपल्यापासून भातकापणी लागेपर्यंतचे दिवस बरे. बंद दार, तपासणारी बाईच, आणि आदल्या दिवशी आशाताईने घरी जाऊन काय करणार ते नीट सांगितलेलं असावं. एचपीव्हीच्या तपासणीत बाई स्वतःच आडोशाला जाऊन नमुना घेऊ शकते. लाजणाऱ्या बायकांसाठी मला हा मार्ग सगळ्यात चांगला वाटतो.

आणि दोष सापडला, तर तिला जिल्ह्याला, तिथून मुंबईला धाडू नका. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबतीला माणूस, यात निम्म्या जणी वाटेतच गळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कॅन्सरच्या आधीचा डाग तापवलेल्या छोट्या उपकरणाने जागेवरच नष्ट करता येतो. काम अर्ध्या-पाऊण मिनिटाचं असतं, बाई चालत घरी जाते. असं यंत्र आणि ते चालवणारं शिकलेलं माणूस प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हवं.

या विषाणूवरच्या लसीबद्दलही दोन शब्द. ती 9 ते 14 वर्षांच्या मुलींना, विषाणूशी गाठ पडायच्या आधी द्यायची. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये 20 वर्षांपर्यंत एक डोसही चालतो असं सांगितलं. पुण्याच्या सिरमने भारतीय लस काढली आहे. सिक्कीमने 2018 मध्येच शाळांतून मुलींना लस दिली. स्कॉटलंडमध्ये 12-13 व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये पुढे हा कॅन्सर आढळलाच नाही. "लसीन पुढे पोरां होवची नाय" ही वाडीवाडीतली भीती खोटी आहे. पण भीती कुठून येते तेही समजून घ्यायला हवं. 2010 मध्ये आंध्र आणि गुजरातमधला लसीचा प्रकल्प थांबवावा लागला. त्यातल्या काही मुली दगावल्या होत्या. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही, पण काही ठिकाणी आईबापांऐवजी वसतिगृहातल्या लोकांच्या सह्या घेतल्या होत्या, ते मात्र चूकच. पालकसभा घ्या, वडिलांनाही बोलवा, प्रश्न विचारू द्या. मुलग्यांच्या आयांनीही ऐकावं, कारण हाच विषाणू पुरुषांनाही घसा, गुदद्वार आणि लिंगाचा कॅन्सर देतो. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी करावीच लागेल, हेही त्याच सभेत सांगा.

पाळी गेल्यावर पुन्हा रक्त, संबंधानंतर रक्त, वास मारणारं पाणी: यातलं काहीही असेल तर शिबिराची वाट न बघता त्याच आठवड्यात दवाखान्यात जा.

संपादक महाशय, आपल्या दैनिकात मासळीचे भाव येतात ते पान आमच्याकडे बाजारात हातोहात फिरतं. ज्यांना वाचता येत नाही त्याही ते दुसऱ्याकडून वाचून घेतात. जिल्हा आरोग्य विभागाकडून तालुकावार तपासणीच्या तारखा मागवून त्या त्याच पानावर, भावांच्या खाली छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, जि. सिंधुदुर्ग