हिमोग्लोबिन बनलं म्हणजे कॅन्सर थांबला असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमुक केमिकल टाकलं आणि ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशी नॉर्मल रक्तपेशींसारख्या वागायला लागल्या अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. पेशी कुठल्या, केमिकल कुठलं, ग्लोबिन (हिमोग्लोबिनमधलं प्रथिन) कुठलं हे त्यात नसतं आणि घरात पेशंट असलेला माणूस ते वाचून आशा लावून बसतो, म्हणून हे पत्र.

1971 मध्ये संशोधक शार्लट फ्रेंड यांनी दाखवलं की उंदराच्या ल्युकेमिया पेशींना डीएमएसओ हे केमिकल दिलं की त्या हिमोग्लोबिन बनवायला लागतात. खूप मोठी गोष्ट होती ती, कारण परिपक्व होताना अर्ध्यावर अडकलेली पेशी पुढे सरकू शकते हे दिसलं, आणि या पेशी एकदा त्या वाटेला लागल्या की थोड्याच विभाजनांनंतर वाढायच्या थांबतात. पण माणसाच्या के562 पेशींचं तसं नाही. या पेशी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या एका पेशंटच्या पेशींपासून लॅबमध्ये वाढवलेल्या, त्यांना हेमिन (लोह असलेलं एक केमिकल) दिलं की काही दिवसांत बेंझिडिन या हिमोग्लोबिन दाखवणाऱ्या रंगाने निळ्या दिसतात, म्हणजे हिमोग्लोबिन आलं, पण कुठलं तर भ्रूणातलं आणि गर्भातलं, एप्सिलॉन आणि गॅमा ग्लोबिनवालं, मोठ्या माणसाचं बीटा ग्लोबिन जवळपास नाहीच. शिवाय हेमिन असतानाही त्या वाढतच राहतात, आणि हेमिन काढून घेतलं की हिमोग्लोबिनही उतरतं. त्याच पेशींना सायटाराबिन हे कॅन्सरचं औषध द्या, तर हिमोग्लोबिनही येतं आणि वाढही थांबते. डाग दोन्हीकडे निळाच!! मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि नेमकं हेच बातमीत गळतं.

ब्युटिरेट या आणखी एका केमिकलची वाट अजून वेगळी, ते हिस्टोनवरचे (डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरचे) अ‍ॅसिटिल गट काढणारी एन्झाइम अडवतं त्यामुळे डीएनए सैल होतो आणि बंद जीन वाचले जातात, त्यात ग्लोबिनचे जीन पण आले.

मग या प्रयोगांना अर्थ नाही का? आहे ना, भरपूर आहे. गॅमा ग्लोबिन वाढवणारी औषधं शोधताना पहिली चाचणी बऱ्याचदा के562 वरच होते, आणि सिकल सेल, बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांच्या पेशंटना गर्भातलं हिमोग्लोबिन वाढलं तर खरंच फायदा होतो. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध तसंच काम करतं, अमेरिकेत 1998 मध्ये मोठ्या वयाच्या सिकल सेल पेशंटसाठी त्याला मंजुरी मिळाली. म्हणजे ल्युकेमियाच्या पेशींवरचा प्रयोग बऱ्याचदा ल्युकेमियासाठी नसतोच, तो दुसऱ्याच आजाराच्या पेशंटसाठी असतो.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी अशी बातमी आली की पेशींची वाढ थांबली का, हा प्रश्न संशोधकांना विचारून उत्तर पहिल्या परिच्छेदातच छापा.

आपला,
एक नियमित वाचक