वकीलकाकांना, जाहीरपणे

आदरणीय वकीलकाका,
सप्रेम नमस्कार.

जाहीर कौतुक तुम्हाला खपत नाही, म्हणून नाव घालत नाही. पण परदेशातून मूल दत्तक घेऊन पुण्यात आलेल्या आणखी कुणाच्या उपयोगी पडेल, म्हणून उघड लिहितेय. लेकीची गोष्टही इथे नाही. ती तिची आहे, मोठी झाल्यावर हवी तर ती सांगेल.

तिथल्या न्यायालयाचा दत्तक आदेश आमच्या हातात होता. 'कारा'ची, म्हणजे दत्तक प्रकरणं पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेची, मंजुरीही होती. तरी शाळाप्रवेशाच्या वेळी समोरचा म्हणाला, "हे बाहेरचं झालं, इथलं काय?" मग सल्ले सुरू झाले. पुण्यात ते मागावे लागत नाहीत. भटजी बोलवा, होम करा, दत्तकपत्र नोंदवून टाका! एका एजंटाने तर मजकूरही तयार करून दिला.

तो कागद वाचून तुम्ही एवढंच विचारलंत, "मूल देणार कोण?"

आम्ही गप्प. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात मूल प्रत्यक्ष देणं-घेणं लागतं, आणि कलम 10 नुसार एकदा दत्तक गेलेलं मूल पुन्हा दत्तक घेता येत नाही. "स्वतःच्याच मुलीला दत्तक घ्यायला निघालात?" हे इतक्या मोठ्याने म्हणालात की बाहेरचे पक्षकार आत डोकावले! त्या मजकुरावर सह्या झाल्या असत्या, तर तिथला पक्का आदेश आम्हीच संशयात पाडला असता.

मग तुम्ही देशादेशांतल्या दत्तकाविषयीचा 1993 चा हेग करार काढलात. भारताने तो 2003 मध्ये स्वीकारला. दोन्ही देश करारात असले आणि दत्तक करारानुसार झाल्याचं तिथल्या सक्षम यंत्रणेने प्रमाणित केलं, की अनुच्छेद 23 प्रमाणे ते इथे कायद्यानेच मान्य. नेमकं तेच प्रमाणपत्र आमच्या फायलीत नव्हतं, कारण कुणी मागितलंच नव्हतं. त्यासाठीचं पत्र तुम्ही स्वतः लिहून दिलंत. शिवाजीनगरला दावा लावून वर्षानुवर्षं फी घेता आली असती. तुम्ही एक तारीखसुद्धा पडू दिली नाहीत.

जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला. नातेवाइकांचं अमेरिकन नागरिक असलेलं मूल इथल्या कायद्याने दत्तक घेऊ पाहणाऱ्या जोडप्याला न्यायालयाने नकार दिला. तेव्हा तुम्ही आपणहून फोन केलात, "घाबरू नका, तुमचं तिकडे रीतसर झालंय."

नागरिकत्वाचं मात्र अजून बाकी आहे. आईबाप कोण हा एक प्रश्न, नागरिक कुठली हा दुसरा, हे तुम्ही आमच्या डोक्यात पक्कं बसवलंत. सध्या तिचा पासपोर्ट तिकडचाच आहे. 1955 च्या कायद्यातल्या कलम 5 खालच्या नोंदणीची फाईल सरकारी चालीने सरकतेय.

प्रमाणपत्र आलं, शाळेच्या रजिस्टरात आमची नावं लागली. गुरुवारी संध्याकाळी तिघं येतोय. काकूंना सांगून ठेवा, आणि या वेळी फी घ्यावीच लागेल.

तुमची,
लेकीची आई